लिंबाखालचा तळहात

प्रिय भूपाल,

जिवंत असताना तुला मी कधी ‘प्रिय’ म्हटलं नाही. मी तुला ‘हळद्या’ म्हणायचो आणि तू मला ‘कांदेवाला’. वरची ओळ वाचून तू गालात हसणार, हे मला दिसतंय. हस.

एका वाराची किंमत काय पडली, ते आधी मांडतो. तो वार बसलाच नाही, हे आणखी विशेष. त्यात तुझा उजवा खांदा गेला. त्यानंतर जैन बस्तीत देवाच्या अभिषेकाचा कलश तू कधी दोन्ही हातांनी उचलला नाहीस. सदऱ्याची बाही चढवायला वहिनींना हाक मारायला लागायची. नात झाली, तिला डाव्याच खांद्यावर घेऊन फिरलास. माझं काय गेलं? झोप गेली म्हणालो तर तू म्हणशील, ‘ट्रकवाल्याला झोप असती व्हय?’ म्हणून एवढंच सांगतो, त्या दिवसापासून तुझ्या घरी मी मान वर करून जेवलो नाही. वहिनी वाढायच्या आणि मी ताटात बघून खायचो.

आज लिहायला बसलो त्याचं कारण तीच नात, प्रणाली. मिरजेला कॉलेजात जाते, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते सांगतो. दिवाळीनंतर कॉलेजातून परत येताना दोघांनी मोटरसायकल तिच्या स्कूटीला घासली. मागं बसलेल्यानं ओढणी धरून ओढली. पोरगी गाडीसकट पडली, डांबरावर फरफटली, कोपराची कातडी सोलून निघाली. तो उतरून तिच्या अंगावर वाकला, तेव्हा तिनं त्याच्या हाताला चावा घेतला आणि सोडलाच नाही. दात हाडाला लागल्यावर तो किंचाळत पळाला. घरी आली तेव्हा तिच्या हनुवटीवर रक्त होतं, आणि ते तिचं नव्हतं.

तुझ्या सन्मतीनं, तिच्या बापानं, काय केलं? कॉलेज बंद. परीक्षेपुरतं जायचं, तेही बापाच्या गाडीतून. पोरगी माझं नाव घेऊन म्हणाली, मला दत्ताआजोबांकडून दांडपट्टा शिकायचाय, नाहीतर मी जेवणार नाही. तुमच्या घरात उपासाची धमकी कोण ऐकतंय? तुझी आई चातुर्मासात कितीतरी दिवस नुसत्या पाण्यावर काढायची. सन्मती म्हणाला, ‘नको जेवू. आपल्यात असलं कापाकापीचं न्हाई.’

मग वहिनींचा फोन आला. ‘भाऊजी, एकदा या, आणि तुमचं ते काय असतंय ते ह्या बापलेकीला नीट समजावून सांगा. मला तर इतकी वर्षं कळलेलं न्हाई.’

समजावून सांगण्यात मी आता पटाईत झालोय, भूपाल. मागं पाचगणीच्या एका शाळेत बोलावलं होतं. मोठ्या लोकांची मुलं, त्यांचे आईबाप खुर्च्यांवर. मी जाकीट घालून गेलो. दांडपट्टा हा आपला वारसा आहे, याने एकाग्रता वाढते, रक्ताभिसरण सुधारतं, असं सगळं सांगितलं. एक बाई म्हणाल्या, ‘म्हणजे योगासारखंच ना?’ मी म्हणालो, ‘अगदी तसंच मॅडम. फक्त योगात रक्त येत नाही.’ सगळे हसले. माझे कान तुला माहीत आहेत. शेवटच्या रांगेत एक बाप दुसऱ्याला हळूच म्हणाला, ‘धारबिर काही नसणार, पत्र्याचं असेल.’ मी त्याला पुढं बोलावलं आणि पट्ट्याला अंगठा लावायला सांगितला. नुसता टेकवला तरी रक्ताचा थेंब आला. मग मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं, की डोळे बांधून, नुसत्या कानाच्या जोरावर माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापणारा सातारा-सांगलीत मी एकटा. टाळ्या पडल्या. कापून दाखवलं मात्र दोरीला टांगलेलं. शाळेच्या नियमात माणूस बसत नाही, म्हणालो. तुझ्या माघारी तळहात देणारा कुणी उरला नाही, हे कुठं सांगत बसू?

तुला आठवतं का आपलं पहिलं बोलणं? मी लोणंदहून कांदा घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात यायचो, परतीला तुझ्या दुकानाची हळद भरायची. तेव्हा गाडी दुसऱ्याची होती, मी नुसता ड्रायव्हर. तू दारातच आडवा आलास. ‘गाडी धुवून आण. हळदीला कांद्याचा वास लागला तर मी बस्तीत तोंड कसं दाखवू?’ मी दोनदा धुतली. तिसऱ्यांदा म्हणालास तेव्हा मला राग आला. सीटमागं ठेवलेला पट्टा काढला आणि तुझ्या दुकानाच्या दाराला टांगलेलं मिरची-लिंबू एका फटक्यात मधोमध चिरलं. हमाल पांगले. तू जागचा हलला नाहीस.

‘त्यात काय मोठं केलंस?’ म्हणालास. ‘टांगलेलं लिंबू कुठं पळून जातंय व्हय?’

आणि खाली पडलेल्यातली अर्धी फोड उचलून तळहातावर ठेवलीस. ‘हं. मार.’

मी नाही मारलं. घाबरलो. पण साताऱ्याला आमच्या वस्तादांना जाऊन सांगितलं, असा असा एक हळदवाला भेटलाय. ते म्हणाले, ‘त्याला सोडू नको. मारणारे लय मिळतील, हात धरणारा मिळत न्हाई.’

पुढच्या खेपेला तू परत हात पुढं केलास. त्या वेळी मी बटाटा आणला होता, मोठा, चुकू नये म्हणून. तू हात मागं घेतलास. ‘बटाटा न्हाई चालत आपल्यात. लिंबू आण.’ मी म्हणालो, अरे, खायचा नाहीये, कापायचाय. ‘मग तर अजिबातच न्हाई.’ स्वतःचा तळहात कापला तर चालत होतं तुला, बटाटा कापायला नको. असला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

बाकी सगळं तुझ्यासमोरच झालं. डोळे बांधायला लागलो, तू ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हणायचास आणि तो आवाज ऐकून मी नेम धरायचो. आवाज थांबला की वार. अहिंसेचं नाव घेणाऱ्याच्या आवाजावर मी धार उतरवत होतो, आणि आपल्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं का रे?

तर मी तुझ्या घरी गेलो. सोप्यावर तुझा फोटो, त्याखाली मी बसलो. सन्मती समोर, प्रणाली दाराच्या चौकटीला टेकून, कोपराला पट्टी. वहिनी कोकम सरबत घेऊन आल्या. मी पाचगणीचं भाषण चालू केलं. वारसा, एकाग्रता. सन्मती म्हणाला, ‘काका, ते पाटी-पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या. हे शस्त्र कशासाठी असतंय ते सांगा.’

तुझा मुलगा आहे. तुझ्यासारखाच बोलतो.

मग खरं सांगितलं. म्हणालो, पट्टा हा लिंबं कापायला केलेला नाही. माणसं कापायला केलाय. मूठ लोखंडी खोबणीत अडकते, कोपरापर्यंत हात बंद होतो, मनगट वळत नाही. म्हणून तो खांद्यातून फिरतो, आणि खांद्यातून आलेला वार माणसाला मध्येच आवरत नाही. पातं लवतं, त्यामुळं समोरच्यानं आडवी काठी धरली तरी टोक वळून पाठीत शिरतं. चौफेर घेरलेल्या एकट्या माणसानं मधून बाहेर पडायचं, वाटेत जे येईल ते तोडत, त्यासाठी हे हत्यार आहे. गुडघा, मांडी, बगल, मान. वस्ताद आमच्याकडून हाच क्रम घोकून घ्यायचे. लिंबाचा खेळ नंतर आला, जेव्हा तोडायला माणसं उरली नाहीत.

सन्मतीनं विचारलं, ‘तुम्ही तोडलंय कुणाला?’

मी तुझ्या फोटोकडं बघितलं. वीस वर्षं तुझा शब्द पाळला, भूपाल. आता तू नाहीस, पोरीचं कॉलेज अडकलंय. खोटं बोलून तिला शिकवायचं, की खरं बोलून घरातून हाकलून घ्यायचं? तूच ठेवलंस मला या कात्रीत.

मी सांगायला लागलो.

तुझं गोदाम. दुपारी हळद भरत होतो. रघू आला, माझा जुना ड्रायव्हर, डिझेल विकताना सापडला म्हणून मी काढला होता. दारू पिऊन आलेला, बरोबर दोघं, हातात ऊसतोडीचे कोयते. आधी गाडीची काच फोडली. माझा क्लीनर मध्ये पडला, त्याला खाली पाडून लाथांनी तुडवला. त्याचा कान फाटून लोंबायला लागला, तेव्हा मी पट्टा काढला. पहिल्याच्या गळ्याखालचं हाड सपाट बाजूनं मोडलं. कटकन आवाज आला. दुसऱ्याची मांडी उघडी केली, तो लंगडत दाराबाहेर गेला. रघू मागं सरत पोत्यांवर आदळला. एक पोतं फुटलं, सगळीकडं पिवळा धुरळा, काही दिसेना. धुरळा खाली बसला तेव्हा तो पोत्यांवर उताणा होता, कोयता हातात, मान उघडी. आणि माझा खांदा वर गेलेला.

मी त्याला मारणार होतो, सन्मती. हे मी तुझ्या मुलाला असंच सांगितलं, भूपाल. घाबरवायला नाही, हात तोडायला नाही. मानेवर.

आणि त्या मानेवर तुझा डावा तळहात आला. उताणा, बोटं जुळवलेली, लिंबासाठी धरायचास तस्सा. तू रघूकडं पाठ केली होतीस आणि माझ्याकडं बघत होतास. इतकी वर्षं त्या तळहातावर धार थांबवायची सवय. डोक्यात काही विचार यायच्या आधी माझा खांदा थांबला.

रघूचा थांबला नाही. त्यानं खालून कोयता घातला. शहाळं सोलताना येतो तसला आवाज झाला. तुझा खांदा मागून उघडला, आत पांढरं दिसलं. मी परत पट्टा उचलला. तर तुझा तळहात तिथंच. खांदा लोंबतोय आणि तळहात तसाच. तू म्हणालास, ‘थांब गड्या. लिंबू ठेवलेलं न्हाई अजून.’

रघू पळाला. तू त्याला पळू दिलंस. याचा राग माझा अजून गेलेला नाही, हे आज सांगून टाकतो. अडवायचं होतं त्याला, अडवलंस मला. कोयता त्याच्या हातात होता ना? तुझ्या अंत्ययात्रेला मी गर्दीत त्याचं तोंड शोधत होतो. आला नाही. आला असता तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

रक्त थांबवायला मी ओंजळींनी हळद भरली खांद्यात. गोदामात तिला काय कमी? मिरजेच्या दवाखान्यात नेताना गाडीत तू पांढराफटक पडला होतास आणि तरी मला शिकवत होतास. ‘पोतं अंगावर पडलं, पोती ओढायचा हमालाचा आकडा लागला, असं सांग.’ मी म्हणालो, पोलिसात जाऊ. तू म्हणालास, ‘सन्मतीला कळलं तर तो रघूला शोधत फिरंल. त्याचं रक्त गरम हाय. माझ्या घरात कोयता शिरायला नको, दत्त्या.’ आयुष्यात खोटं न बोललेला माणूस तू. एकच बोललास, आणि ते सांभाळायला मला दिलंस.

हे सगळं सांगून झालं. मग वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

‘आकडा टोचतोय भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘फाडतोय. असा सरळ चिरत न्हाई. सदरा मीच धुतला की. हळद निघंना म्हणून परत परत धुतला.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘धारेचा वार हाय एवढं कळलं होतं. मला वाटलं, तुमचाच वार चुकला आणि हे तुम्हाला झाकत्यात.’

भूपाल, वीस वर्षं त्या बाईनं मला नवऱ्याचा खांदा तोडणारा समजून ताटात भाकरी वाढली. वर तूप घातलं. कधी एक शब्द नाही. मी खाली बघून खात होतो एका कारणानं, आणि त्या माझ्याकडं बघत होत्या दुसऱ्याच कारणानं. तू जरा तरी सांगायचं होतंस रे त्यांना. हे माझं तुझ्यावरचं खरं गाऱ्हाणं आहे, खांद्याचं नाही.

सन्मती उठला होता. भिंतीशी उभा राहून त्यानं शांतपणे विचारलं, ‘हा रघू आता कुठं असतोय?’

तोच आवाज, ज्याला तू भीत होतास. पंचेचाळिशीचा माणूस, चष्मा लावलेला, हळदीचा व्यापारी, आणि उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट की नखं पांढरी.

वहिनी म्हणाल्या, ‘का? काय करणार हाईस?’

त्यानं डाव्या हातानं चष्मा काढून खिशात ठेवला.

‘आपल्यात असलं न्हाई म्हणालास न्हवं? मग ती मूठ कुणाची हाय?’

सन्मतीनं खाली बघितलं. ती मूठ आपलीच आहे हे त्याला त्या वेळी कळलं असावं. उघडायला त्याला वेळ लागला. प्रणाली दारातून म्हणाली, ‘पप्पा, मी चावले ना त्याला, तेव्हा मला सोडायचंच नव्हतं. तो रडायला लागला तरी. मला त्याचीच भीती वाटती. शिकले तर थांबता तरी येईल.’

मी दोन जिल्ह्यांत भाषणं देत फिरतो, जाकीट घालून. हे एवढं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

सन्मती तुझ्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, ‘मी येऊन बसणार. रोज. बघायला.’ मी म्हणालो, ये की, चहा तुझ्याकडं. ‘आणि सोमवारपासनं स्कूटीवर जा,’ हे तो पोरीकडं न बघता म्हणाला. ती आत गेली आणि आतून ताट-वाटीचा आवाज आला. जेवायला बसली होती.

निघताना ती मोबाईल घेऊन दारापर्यंत आली. आपल्या साताऱ्याच्या प्रयोगाचं चित्रण, तुझा डावा हात, वर लिंबू, मी डोळे बांधलेला. तिनं ते अगदी सावकाश लावलं. ‘आजोबा, इथं बघा.’ धार खाली येते, लिंबाच्या जरा बाहेर. आणि तुझा तळहात सरकतो. दोन बोटं, तेवढाच. लिंबू धारेखाली येतं, चिरतं, आणि हात परत जागेवर. तिच्याकडं तीन-चार चित्रणं होती. सगळ्यांत तेच. कधी डावीकडं, कधी उजवीकडं.

मी म्हणालो, परत लाव. तिनं परत लावलं.

का रे सांगितलं नाहीस? माझ्या फुशारक्या समोर बसून ऐकायचास, टाळ्यासुद्धा वाजवायचास, एका हातानं मांडीवर.

तर आता वचन देतो. प्रणालीला मी शिकवीन. आधी काठी, आणि त्यातही आधी उचललेला हात अर्ध्यावर थांबवायचा, खांदा भरून येईपर्यंत. ते जमल्याशिवाय पट्ट्याला हात लावू देणार नाही. हे कशासाठी आहे, ते तिच्यापासून कधी लपवणार नाही. रघूला शोधणार नाही; हे वचन द्यायला मला सगळ्यात जड गेलं, तरी देतो. तुझ्या घरी आता मान वर करून जेवीन. आणि तिनं कितीही हट्ट केला तरी तिच्या तळहातावर लिंबू ठेवणार नाही. परवा सकाळी अंगणात स्टुलावर लिंबू ठेवलं, शेजारी मोबाईलवर णमोकार लावला, डोळे बांधले आणि ऊन वर येईपर्यंत वार घातले. स्टुलाचे तुकडे झाले. लिंबाला ओरखडासुद्धा नाही.

तुझा,
कांदेवाला दत्ता